म्युझिक येत नाही

माझ्या टेबलावर पेपरवेटखाली एक बिल ठेवलेले आहे. त्यावर कार्बन पेपरच्या निळ्या अक्षरांत तीन नोंदी आहेत: ‘ड्राय सोल्डर – ६००’, ‘व्हॉल्यूम नवीन टाकला – ३५०’ आणि ‘चेकिंग – १५०’. त्याखाली, एरवी जिथे तीन महिन्यांची गॅरंटी लिहितात त्या जागी, ‘सीडी खराब. म्युझिक येत नाही. पार्टीला सांगितले आहे. गॅरंटी नाही’ असा मजकूर आहे. ती पार्टी म्हणजे मी.

घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरचा डावा चॅनेल मुका झाला होता, तो मी बुधवार पेठेतल्या एका गल्लीत दुरुस्तीला टाकला आणि शनिवारी संध्याकाळी परत आणायला गेलो, एवढी पूर्वपीठिका पुरे आहे. माझी चूक एकच. ‘वाजवून दाखवतो’ असे म्हणत दुरुस्तीवाल्याने आपल्या मोबाइलवरचे, काउंटरवरचे स्क्रू नाचवणारे एक गाणे लावायला घेतले, तेव्हा मी त्याला थांबवले आणि पिशवीतून स्वतःची तबकडी काढली.

ही तबकडी मी मुंबईत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती. ते दुकान २०१६ साली बंद झाले, त्यामुळे ती हरवली तर तशीच दुसरी हातात घेऊन, उलटून पाहून घेण्याची सोय आता राहिलेली नाही आणि मी तिला घराण्याच्या दागिन्यासारखा जपतो. तिच्यावरचे गाणे १९८० साली ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमध्ये मुद्रित झाले. गाणारा वृंद टॅलिस स्कॉलर्स, त्यांचे संचालक पीटर फिलिप्स. तीन रचना आहेत: अल्लेग्रीचे ‘मिझेरेरे’, विल्यम मंडी या इंग्रज रचनाकाराची एक लांबलचक प्रार्थना आणि पालेस्त्रिनाचा पोप मार्सेलसच्या नावाने ओळखला जाणारा मास, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या शब्दांना दिलेले संगीत. अल्लेग्री तसा उशिराचा, सतराव्या शतकातला. पण रोममध्ये पोपच्या सिस्टीन चॅपेलच्या गायकांसाठी त्याने लिहिले ते जुन्याच धाटणीत, म्हणून त्याला सोळाव्या शतकाच्या पंगतीत बसवून घेतात. तिन्ही रचनांत वाद्य म्हणून एकही नाही. नुसते माणसांचे आवाज, आणि तेही एकच चाल एकत्र म्हणणारे नव्हेत, तर प्रत्येक जण आपापली वेगळी ओळ घेऊन निघालेला आणि तरीही कुणी कुणाला धक्का न लावता पुढे सरकणारा. आमच्या घरी या सगळ्या प्रकाराला ‘चर्चगेट’ म्हणतात. “तुझं चर्चगेट संपलं की बातम्या लाव,” असे बायको सांगते.

दुकानात आणखी एक गृहस्थ होते. आजारी नातवंडाला घेऊन दवाखान्यात बसावे तसे ते मिक्सर मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. बोलण्याच्या ओघात कळले की ते त्यांच्या भागातल्या भजनी मंडळाचे प्रमुख होते आणि त्यामुळे संगीतातले अखेरचे मत त्यांचे असणार, हे दुकानात बहुधा सर्वांनी आधीच मान्य केलेले होते.

दुरुस्तीवाल्याने तबकडी एका झाकण नसलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सरकवली. पाच आवाजांचा, म्हणजे पाच वेगळ्या ओळींत गाणारा, मोठा वृंद ‘मिझेरेरे’ची पहिली ओळ गाऊ लागला. दोन्ही स्पीकर वाजत होते, काम झालेले होते, आणि मी पाकिटाला हात घातला. दुरुस्तीवाला मात्र मान वाकडी करून तसाच उभा राहिला.

“सर, म्युझिक येत नाहीये.”

“येतंय की.”

“हे व्होकल आहे. म्युझिक कुठंय? तबला नाही, बेस नाही, काहीच नाही.”

त्यात वाद्ये नसतातच, असे मी सांगितले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती. ‘गाडीत पेट्रोल आहे’ असे मी छातीठोकपणे एका गॅरेजवाल्याला सांगितले होते तेव्हा. त्याने एक स्पीकर काढून दुसरा जोडला, वायर उलटी करून पाहिली, आणि मग मला शांतपणे समजावले, “कराओकेत व्होकल कट असतो ना, डाव्यातून उजवा वजा केला की मधला गाणाऱ्याचा आवाज जातो. तुमचं उलटं झालंय. म्युझिकच वजा झालंय. सीडी बनवणाऱ्यानंच घोळ केलाय.”

दुर्दैव असे की त्याचे तंत्रज्ञान पक्के होते. आवाज तसाच कापतात. गणपती मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त कळणार हे उघड आहे, आणि आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस चुकतो आहे हे सिद्ध करण्याइतके अवघड काम दुसरे नाही.

“पेटीसुद्धा नाही?” टोपीवाल्या काकांनी विचारले.

“नाही.”

“मग सूर कोण देतं यांना?”

प्रश्न रास्त होता. एकमेकांना धरून गातात, असे मी म्हणालो. काकांनी डोळे मिटले, थोडा वेळ ऐकले, आणि मिक्सरवर बोटांनी ठेका धरण्याचा दोनदा प्रयत्न करून तो सोडून दिला.

“किती जण आहेत?”

“पंधरावीस असतील.”

“आमच्या मंडळात चोवीस आहेत. चोवीस जण एका सुरात, एका तोंडानं गातात. यांचं एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेसारखं झालंय हे, सगळे एकदम बोलतायत, इतिवृत्तात काहीच येणार नाही.”

घरी माझ्याकडे टॅलिस या जुन्या इंग्रज रचनाकाराचे ‘स्पेम इन आलियम’ही आहे, ज्यात पाच-पाच आवाजांचे आठ वृंद, म्हणजे तब्बल चाळीस स्वतंत्र ओळी एका वेळी चालतात. ती तबकडी बरोबर आणली नाही याबद्दल मी त्या क्षणी मनोमन देवाचे आभार मानले.

“आणि शब्द?” काका म्हणाले. “शब्द कुठले आहेत?”

लॅटिन आहे, देवा माझ्यावर दया कर, असा अर्थ आहे, असे मी सांगितले.

“एवढंच?”

“पुढे पूर्ण स्तोत्र आहे. पण सुरुवात तीच.”

“किती मिनिटांचं आहे?”

“बारा-तेरा.”

“तुकोबा दोन ओळींत मागून मोकळे होतात.”

मला राग आला. बडा ख्याल गाताना आपले गवई एका ओळीवर पाऊण तास बसतात, तेव्हा कोणी घड्याळ लावत नाही, असे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे करुणेने पाहिले आणि म्हणाले, “त्यात तबला असतो.”

“तेच म्हणतोय मी,” दुरुस्तीवाला म्हणाला.

मला हे बोलणे झोंबले याचे खरे कारण असे की शब्द कळत नाहीत ही तक्रार काकांची नव्हतीच. ती साडेचारशे वर्षांपूर्वी रोममध्येच झालेली होती. मार्सेलस दुसरा हा १५५५ साली पोप झाला आणि अवघ्या बावीस दिवसांत वारला. पण तेवढ्या दिवसांत आलेल्या गुड फ्रायडेला त्याने आपल्या गायकांना बोलावून, दिवसाला शोभेल आणि शब्द नीट ऐकू येतील असे गा, असे बजावले होते. पुढे कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेतही हाच विषय निघाला. आणि १५६५ सालच्या एप्रिलमध्ये एका कार्डिनलच्या, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूच्या, घरी पोपच्या गायकांना जमवून, त्यांच्याकडून काही मास गाऊन घेऊन, शब्द कळतात की नाही याची रीतसर तपासणी झाली. मार्सेलसच्या नावाचा पालेस्त्रिनाचा मास त्या बैठकीत गायला गेला आणि त्याने अनेकस्वरी संगीताला बंदीपासून वाचवले, ही कथा फार गोड असली तरी तिला पुरावा नाही. पण तपासणी झाली हे खरे. त्या घरी जमलेले कार्डिनल मांडीवर काय घेऊन बसले होते ते इतिहासात नोंदलेले नसले, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव कसा असेल हे मला शनिवारी कळले.

इतक्यात आवाज एकदम लांब गेला.

‘मिझेरेरे’ दोन वृंदांसाठी लिहिलेले आहे. पाच आवाजांचा मोठा वृंद जवळ उभा राहतो, आणि चौघांचा छोटा वृंद दूर. मध्ये एकसुरी मंत्रपठणासारख्या ओळी येतात. मर्टनच्या मुद्रणात हे चौघे खरोखरच दूर ठेवलेले आहेत. जवळचे गायक थांबतात आणि दगडी भिंतींच्या पलीकडून कोणीतरी उत्तर द्यावे तसा तो आवाज येतो. हे अंतर ऐकण्यासाठी मी या तबकडीचे, आणि खरे तर सगळ्या स्टीरिओचे, पैसे मोजलेले आहेत.

“व्हॉल्यूम ढिला आहे,” दुरुस्तीवाला म्हणाला. “मधेच आवाज पडतोय. कार्बन गेलाय.”

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने बटण उपटून काढले होते. कामात तो विलक्षण चपळ होता. ते गायकच लांब उभे आहेत, असे मी सांगितले तेव्हा तो सोल्डर वितळवता वितळवता हसला आणि “मग माइक जवळ न्यायचा ना,” म्हणाला. यावरही माझ्याजवळ उत्तर नव्हते. नवे बटण बसले, तबकडी पहिल्यापासून लागली, मोठा वृंद गायला, आणि ठरलेल्या जागी आवाज पुन्हा लांब गेला.

“एको पण ऑन राहिलाय,” तो म्हणाला, आणि माझ्या ॲम्प्लिफायरवर एकोचे बटण शोधू लागला.

वास्तविक तो ‘एको’ म्हणजे मर्टनचे चॅपेल. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बांधकाम सुरू झाले, मुख्य लांब दालन योजलेले होते ते पुढे कधी बांधलेच गेले नाही, आणि जे उभे राहिले त्या अर्धवट इमारतीत आवाज असा काही घुमतो की सूर संपल्यावरही तो भिंतींवरून हळूहळू उतरत राहतो. याच वृंदाने पुढच्या अनेक मुद्रणांसाठी नॉरफोकमधल्या सॉल नावाच्या खेड्यातले जुने चर्च गाठले, तेही अशा घुमाऱ्यासाठीच. या प्रकारच्या मुद्रणात निम्मे गाणे इमारतीचे असते. आता इमारत बंद करायचे बटण माझ्या ॲम्प्लिफायरवर नाही, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि मग दूरच्या चौघांतली वरची गायिका चढत चढत त्या प्रसिद्ध वरच्या ‘सी’ या सुरापर्यंत पोचली.

“फीडबॅक!” म्हणत दुरुस्तीवाल्याने झडप घालून आवाज कमी केला. “शिट्टी मारतोय बघा.”

मी आवाज वाढवला. तो सूर पुन्हा आला. त्याने कमी केला, मी वाढवला. तिसऱ्यांदा तो सूर आला तेव्हा काका मिक्सर सावरत म्हणाले, “तीन झाल्या. आता गॅस बंद करा.”

दुकानात काम करणारा मुलगा, दुरुस्तीवाला, रस्त्यावरून डोकावणारे दोघे, सगळे हसले. मीही हसलो, कारण तिथे न हसणे अधिक लाजिरवाणे झाले असते; पण खरे सांगायचे तर माझ्या पोटात खड्डा पडला होता. या सुराबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी त्या दुकानात बोललो नाही.

हा सूर मुळातच चूक आहे. १६५२ साली वारलेल्या अल्लेग्रीने तो लिहिलेलाच नाही. सिस्टीन चॅपेलमधले गायक मूळच्या साध्या ओळींवर स्वतःची कलाकुसर करीत, आणि ती ऐकायला युरोपभरातून लोक येत. १७७० साली चौदा वर्षांच्या मोत्सार्टने तिथे हे गाणे ऐकून ते आठवणीने उतरवून काढले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १८३१ साली मेंडेल्सोन या जर्मन रचनाकाराने त्यातला एक तुकडा टिपला तो चार सूर वरच्या पट्टीत. पुढे एका इंग्रजी संगीतकोशात तो वरच्या पट्टीतला तुकडा खालच्या पट्टीतल्या रचनेच्या मधोमध जोडला गेला, त्यामुळे गाणे एकाएकी आभाळात उडी मारू लागले, आणि तीच प्रत छापत, गात, मुद्रित करत सगळे पुढे गेले. १९६३ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या मुद्रणात बारा वर्षांच्या रॉय गुडमनने तो सूर असा लावला की लोक त्या मुलाचे नाव आजही काढतात. म्हणजे ज्या एका सुरासाठी जग ही तबकडी घेते, ती जोडणी करणाऱ्याच्या हातून झालेली चूक आहे, आणि बुधवार पेठेतल्या एका माणसाने कसलेही पुस्तक न उघडता, हातात सोल्डरिंग गन धरून, नेमक्या त्याच जागी ‘इथे फॉल्ट आहे’ म्हणून बोट ठेवले होते. ज्या ज्ञानासाठी मी आयुष्याच्या कितीतरी रात्री घालवल्या ते त्याला दीडशे रुपयांच्या चेकिंगमध्ये मिळाले; आणि तेही माझ्याच पैशांनी.

मी अकराशे रुपये दिले. व्हॉल्यूमच्या साडेतीनशेवर मी थोडी घासाघीस केली, पण जुने बटण खराब नव्हते हे सिद्ध करायला ते आता जागेवर नव्हते. काकांनी निघताना मला दर एकादशीला त्यांच्या मंडळात यायचे निमंत्रण दिले. “सगळे एकच चाल म्हणतात,” त्यांनी आश्वासन दिले.

घरी आल्यावर मी तबकडी लावली. दोन्ही चॅनेल उत्तम वाजत होते. मोठा वृंद थांबला, चौघे दूरवरून गाऊ लागले, आणि मी खुर्चीतून उठून नवे बटण नीट बसले आहे ना ते एकदा हलवून पाहिले. तो वरचा सूर पहिल्यांदा आला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होतो.