मुलाखत मुलाची, मग प्रश्न आईवडिलांना का?

सप्रेम नमस्कार.

एक्स्चेंज कार्यक्रमातून, म्हणजे परक्या देशातल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकण्यासाठी, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती मी स्वयंसेवक म्हणून घेतो, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण कठोर प्रतिक्रिया दिली आहे. निवड मुलाची असताना घरी येऊन आईवडिलांना प्रश्न विचारणे अपमानास्पद आहे, अशा भेटीत शेवटी ऐपत आणि इंग्रजीच पाहिले जाते, प्रशिक्षित मानसतज्ज्ञ नसलेल्यांना हा अधिकार असू नये आणि नकाराचे कारणही सांगितले जात नाही, असे आपले म्हणणे आहे. पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहितो.

अमेरिकेत शालेय वर्षासाठी गेलेले मूल साधारण ऑगस्टपासून जूनपर्यंत ज्या कुटुंबात राहते, त्या कुटुंबाला तिथल्या सरकारी नियमांनुसार त्याबद्दल मोबदला देता येत नाही. त्याच नियमांनुसार त्या घरातल्या सर्वांची त्यांच्या घरी जाऊन प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी लागते आणि अठरा किंवा अधिक वर्षांच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते. आपल्या लेकीला विनामूल्य सांभाळणारे अनोळखी लोक एवढ्या चौकशीला तयार होत असतील, तर ती कोणत्या घरातून येते आहे हे त्यांनी जाणून घेण्यात आपला अपमान कसा होतो?

शिवाय जी उत्तरे फक्त पालकच देऊ शकतात, ती मुलाकडून मिळत नाहीत. दहावीनंतर गेलेल्या मुलाचे इथले एक वर्ष बहुधा जाते. बरोबरीची मुले जेईई-नीटच्या क्लासला बसलेली असताना हे वर्ष आईवडिलांनी मनापासून सोडले आहे का, हे विचारावेच लागते, कारण तसे नसेल तर डिसेंबरमध्ये रोज रात्री फोनवरून अभ्यासाची चौकशी सुरू होते आणि मूल धड तिथेही राहत नाही, धड इथेही. कुटुंब शाकाहारी असेल, तर केकमधले अंडे चालेल का, कांदा-लसूण आणि कंदमुळे चालतात का, हेही स्पष्ट लिहावे लागते. त्यावरून कोणाला डावलायचे नसते, पण यजमानांना आधी कळायला हवे. सर्वांत नाजूक प्रश्न आजारपणाचा. दमा, शेंगदाण्याची अॅलर्जी, नैराश्यावर चालू असलेली औषधे या गोष्टी अर्जात लपवण्याचा मोह पालकांना होतो, कारण अर्ज नाकारला जाईल अशी भीती असते. घरच्या बैठकीत, चहा घेताना, आपल्या भाषेत विचारले तर बहुतेक आया खरे सांगतात, आणि ते कळल्यामुळे मूल सुरक्षित राहते. केवळ या एका कारणासाठीही मी घरी जाण्याचा आग्रह धरीन.

इंग्रजी मुलाला पुरेसे यावे लागते, कारण त्याला तिथल्या वर्गात बसायचे असते. पालकांना ते आले पाहिजे अशी कोणतीही अट नाही. पैशाविषयी मात्र आपण म्हणता त्यात तथ्य आहे. स्वखर्चाच्या कार्यक्रमांची फीच बहुसंख्य घरांना बाहेर ठेवते आणि मुलाखत कितीही न्याय्य केली तरी त्यात फरक पडत नाही. म्हणूनच केनेडी-लुगार ‘यस’सारख्या शिष्यवृत्त्या मला महत्त्वाच्या वाटतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या खर्चाने चालणारी ही योजना २००२ साली स्थापन झाली आणि तिच्यातून भारतातलीही मुले गेली आहेत.

स्वयंसेवकांविषयी एवढेच सांगतो की, ही व्यवस्था त्यांनीच उभी केली आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांतून एएफएस ही संस्था निर्माण झाली आणि १९४७ पासून ती शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करते आहे. आम्ही कोणाचे मानसिक निदान करत नाही. जे ऐकले आणि पाहिले ते लिहून देतो. कुटुंब ओळखीचे असेल, तर मुलाखतकाराने बाजूला व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

राहिला नकाराच्या कारणाचा प्रश्न. इंग्रजी कमी पडले किंवा वयाची अट जुळली नाही, अशी कारणे मुलांना स्पष्ट कळवलीच पाहिजेत, याबाबत मी आपल्या बाजूचा आहे. परंतु आईवडील दुसऱ्या खोलीत असताना एखादी मुलगी हळू आवाजात सांगते की तिला जायचेच नाही, बाबांची इच्छा आहे म्हणून अर्ज भरला आहे. तिचे हे बोलणे मी बाबांपर्यंत पोहोचू देणार नाही, मग त्यांनी त्या नकाराचा दोष आम्हाला दिला तरी चालेल.