माळ्यावरचं पेव

'स्टोरेज' म्हटलं की आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवतात. जमिनीत खोल खणलेली, हळद वर्षानुवर्षं टिकवणारी. उघडल्यावर आधी आत हवा खेळू द्यायची, नाहीतर उतरलेला माणूस वर यायचा नाही. "त्याला कुठं करंट लागायचा?" असं ते जेवताना ऐकवतात. "पण २००५ च्या पुरात पाणी शिरलंच की त्यात," असं मी म्हणतो. मग दोघंही गप्प भाकरी मोडतो.

पेढी आमची सांगलीत गणपती पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५) तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि दिवाणजींच्या चोपड्या एकत्रच बुडाल्या. चोपड्या दोरीवर वाळत घातल्या, इस्त्री फिरवली, उधारी सगळी वाचता आली. सर्व्हरही मी गच्चीवर उन्हात ठेवला होता. त्यातून एक बेडूक निघाला.

त्यानंतर ठरलं की सर्व्हर दोन घ्यायचे. एक पहिल्या मजल्यावर, दुसरा माळ्यावर. हिशेब, बिलं आणि फाइली अशा तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी संगणक, आणि एक सर्व्हर मेला तर त्या दुसऱ्यावर उठवायच्या. दोन्हींवर या मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकलं, डिस्कसाठी डीआरबीडी. दोन्ही व्हिएन्नाकडचा माल. डीआरबीडी २०१० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, म्हणजे जुनं-जाणतं. ते इकडच्या डिस्कवर लिहिलेलं सगळं नेटवर्कवरून तिकडच्या डिस्कवरही लिहितं. त्यातला 'सी' प्रोटोकॉल मी दिवाणजींना समजावून सांगत होतो, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हंजे कीर्द दोघांनी लिहायची. दुसरा 'झालं' म्हणत न्हाई तवर पहिल्यानं पान उलटायचं न्हाई. बरोबर?"

बरोबर. मला हे कळायला दोन शनिवार लागले होते.

पहिल्यांदा दोन्ही डिस्का सारख्या करायच्या होत्या. माल २ टीबी. गिगाबिट नेटवर्कवर पाच तासांचं काम, म्हणून मी भडंगाचा पुडा घेऊन बसलो. तासाभरानं पाहिलं तर २ टक्के. भडंग ४० टक्के संपलेला. सगळी सेटिंगं उलटीपालटी केली, रीस्टार्ट केलं, स्वतःच्या शिक्षणाबद्दल शंका घेतली. रात्री अकराला टॉर्च घेऊन जिन्यात गेलो तर दोन्हींच्या केबली जोडणारा मधला नेटवर्क स्विच १०० मेगाबिटचा! जुन्या ऑफिसातून 'चालतोय की' म्हणून अण्णांनी उचलून आणलेला. म्हणजे पाच तासांचं काम पन्नास तासांचं. रात्री नवा स्विच कुठं मिळणार? सकाळी दुकान उघडेपर्यंत मी तो टक्का वर चढताना बघत बसलो. परीक्षेच्या निकालाची वाट बघतानाही मी एवढा जागा नव्हतो.

पुढं चार महिने सगळं इतकं सुरळीत चाललं की मी पाव्हण्यांना माळा दाखवायला नेऊ लागलो.

मग एका दुपारी पोतं वर चढवताना हमालाच्या हुकात जिन्यातली केबल अडकली आणि निघाली. चूक हमालाची नव्हे. दोन्ही सर्व्हरांचं एकमेकांशी बोलणं आणि डिस्कांची देवघेव एकाच केबलवरून नेणाऱ्या शहाण्याची होती. मी माळ्यावर होतो. वरचा सर्व्हर म्हणाला, खालचा दिसत नाही. दोन सर्व्हरांची दोन मतं, त्यातलं एकच हातात, बहुमत नाही, म्हणून मी काही चालू करणार नाही. सुजाण यंत्र! मी मात्र घाईत त्याला सांगितलं, 'घरात मत एकच आहे असं समज', आणि हिशेबाची मशीन वर चालू केली. खालची मेली नव्हतीच. दिवाणजी तिच्यावर निवांत पट्ट्या, म्हणजे मालाच्या वजन-हिशेबाच्या चिठ्ठ्या, करत होते. वर बसून अण्णांचा मुलगा वरच्या हिशेबात बिलं चढवत होता. तास-दीड तास आमच्या पेढीच्या एकाच हिशेबाचे दोन खरे हिशेब चालू होते.

केबल जोडली आणि डीआरबीडीनं जाहीर केलं: स्प्लिट-ब्रेन. दोघांचंही म्हणणं, खरा मीच. आता एकाचा डेटा टाकून दिल्याशिवाय हे पुन्हा एकत्र नांदणार नाहीत. आज्ञाच तशी आहे, 'डिस्कार्ड माय डेटा'. वाटणीच्या दाव्यात इतक्या सरळ शब्दांत कोणी बोललं असतं तर कोर्टातली गर्दी निम्मी झाली असती.

कुणाचा टाकायचा? खाली चौदा पट्ट्या, वर तीन बिलं. अण्णांनी अर्थातच मुलाची बाजू घेतली. तेवढ्यात दिवाणजींनी खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला. चौदाच्या चौदा पट्ट्या पेन्सिलीनं लिहिलेल्या, वजनासकट. "पुरानंतर मशिनीवर इस्वास न्हाई, साहेब."

मी तो पुठ्ठा आदरानं परत दिला, वरचा डेटा टाकला आणि तीन बिलं मुलाकडून पुन्हा करून घेतली. दिवाणजींच्या पट्ट्यांना हात लावायची माझी टाप नव्हती.

आता बोलण्याची केबल वेगळी, डिस्कांची वेगळी. शिवाय तिसरं मत पाहिजे म्हणून रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेतला. हिशेब त्यावर काही नाही, मतापुरता. इन्व्हर्टरवरचा मोकळा प्लग पेढीमागच्या घरात, तोही फक्त देवघरात. काकूंनी जागा दिली. निरांजन थोडं सरकवावं लागलं.

हल्ली दुपारी चारच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर निरोप येतो: तीनपैकी दोन मतं. मी काकूंना फोन लावतो.

"थांब की रे," काकू म्हणतात. "माझा मोबाइल आत्ताशी सोळा टक्के झालाय. वीस झाला की काढते."