गुडघे कोणाकडचे?

भाच्याने एनडीएची, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा काढली. गणिताचे ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटीचे ६०० असा ९०० गुणांचा डोंगर. पुढे भोपाळला तेवढ्याच गुणांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत: पाच दिवस मानसशास्त्रज्ञांच्या नजरेखाली जेवणं, चालणं, बोलणं. त्यातूनही पोरगा 'रेकमेंडेड' होऊन बाहेर पडला. हा शब्द ताईने गल्लीत अशा थाटात उच्चारला की समोरच्या काकूंना वाटलं, पोरगं थेट ब्रिगेडियर झालं.

मग मेडिकल झालं. शरीराला ९०० पैकी गुण नसतात. तिथे फिट, टीआर किंवा पीआर. टीआर म्हणजे तात्पुरता नापास, पीआर म्हणजे कायमचा. आमच्या कागदावर टीआर होता आणि कारणं तीन: कानात मळ, वजन जास्त, नॉक नी.

मळाचा निकाल लगेच लागला. कानाच्या डॉक्टरांनी तो काढून ताटलीत ठेवला आणि त्रिकोणमिती कोळून प्यालेल्या पोराला कशाने अडवलं होतं ते ताईला दाखवलं. "दर रविवारी तेल घालत होते मी," एवढंच ती म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत. डॉक्टर समजूतदार होते.

खरा तंटा गुडघ्यांचा. सरळ उभं राहून गुडघे जुळवले की दोन घोट्यांमध्ये फट राहते. मुलांमध्ये ती ५ सेंटिमीटरच्या आत हवी. भाच्याची जास्त भरली. आता मराठी घरात रिपोर्टवर नुसते उपचार होत नाहीत, आधी दोष कोणाकडून आला याची चौकशी बसते. दाजींचं घराणं सातारा जिल्ह्यातलं, फौजेतलं. त्यांचे वडील, आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे तीन पिढ्या बँकेत. चौकशीचा कल कुठे जाणार हे उघड होतं.

"आमच्यात पोरं जन्मताच सावधान हुबी ऱ्हात्यात," आबा म्हणाले. "पाव्हणं, जरा हुबं ऱ्हावा बघू."

मी उभा राहिलो. माझे गुडघे वारीत चुकलेल्या भावंडांसारखे कडकडून भेटले. घोटे मात्र दोन वेगवेगळ्या तालुक्यांत. आबांनी टेप लावलासुद्धा नाही.

"मामावर गेलाय," दाजींनी निकाल दिला. यावर अपील नव्हतं.

पण मीही बँकेतला माणूस, समोरच्याचं खातं तपासल्याशिवाय सही करत नाही. नियम वाचून काढले. तळवे सपाट असले तरी घोळ होऊ शकतो, म्हणून सगळ्यांचे पाय ओले करून शहाबादी फरशीवर उमटवायला लावले. दाजींचा ठसा सबंध उमटला, कुठे खळगा म्हणून नाही. आबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये पाणी सांडलंय." मग दात. फौजेत दातांना पॉइंट असतात, ते किमान १४ भरावे लागतात. आबांची कवळी मोजायची का, असं मी विचारलं आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

टीआर झालेल्याला ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं. तिथेही अडला तर रिव्ह्यू बोर्ड. पण तो मागता येतो, मिळेलच असं नाही. याच सुमारास दाजींच्या बहिणीचा न्यू जर्सीहून फोन आला. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत म्हणे मेडिकलवाल्यांनी नापास केलं तरी अकादमीला पोरगा हवाच असेल, तर ती वेव्हर, म्हणजे सूट, मिळवून देऊ शकते. "म्हंजी डाक्टर न्हाई म्हनतोय आन् सायेब हो म्हनतोय? मग डाक्टर ठिवलाय कशाला?" आबांनी विचारलं. मला तरी उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे सवलत आहे ती उंचीत: गुरखा आणि ईशान्येच्या डोंगराळ भागातल्या मुलांना ५ सेंटिमीटर, लक्षद्वीपच्या मुलांना २. भाच्याच्या उंचीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तरी ताईने विचारलंच, "लक्षद्वीपला आपलं कोणी आहे का रे?"

तर उपाय एकच उरला: वजन. मांड्या जाड असल्या की गुडघे आधी टेकतात आणि घोटे लांब राहतात, हे अस्थिरोगतज्ज्ञांनी समजावलं. भाचा पहाटे धावायचा, संध्याकाळी सायकल, रात्री गुडघ्यांत उशी आणि घोट्यांना बापाचा जुना टाय. उशीचा सल्ला डॉक्टरांचा नव्हता, कोचिंग अ‍ॅकॅडमीतल्या पोरांचा होता. पण करून बघायला काय जातंय, या तत्त्वावर तर निम्मा महाराष्ट्र चालतो. मधे गणपती आले. ताईने त्याच्यासमोर उकडीचे मोदक ठेवले, त्यावर तूप सोडलं आणि मग रडत रडत ताट उचलून माझ्यापुढे सरकवलं. माझ्या गुडघ्यांचं आता काय बिघडणार होतं?

अपील बोर्डाने फट मोजली. मर्यादेच्या आत. फिट!

मेरिट लिस्ट अजून लागायची आहे; फिट झालं की खडकवासल्याची एनडीए ठरलीच, असं नसतं. पण दाजींच्या घरात तो तपशील कोण ऐकतो? आबांनी नातवाला उभं केलं, चारी बाजूंनी पाहिलं आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आमचं पाय हायती. मधी जरा मामाकडं गेलं हुतं."

मी काही बोलणार तेवढ्यात धाकटी भाची पुढे आली. नववीत आहे. २०२२ पासून एनडीएत मुलीही आहेत, तेव्हा तिलाही जायचंय. तिने नियम पाठ केले होते: घोट्यांतलं अंतर मुलींना ८ सेंटिमीटरपर्यंत चालतं, कोपराचा बाहेरचा कोन १८ अंशांपर्यंत.

"कोपराचा पण असतो?" दाजी म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. "हात सरळ करा बघू जरा."

"आधी तुमचे," मी म्हणालो.