हनोई हजार वर्षं सलग राजधानी होती? अजिबात नाही

व्हिएतनामला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की १०१० पासून हनोई हीच सलग राजधानी आहे, त्याआधी चीनचं राज्य होतं म्हणून राजधानी नव्हतीच, मग फ्रेंचांनी ती हनोईहून सायगॉनला नेली आणि १९७५ ला परत आली, आणि मध्य व्हिएतनाममधली हिंदू देवळं म्हणजे व्हिएतनामी लोकांच्या पहिल्या राजधानीचे अवशेष. यातलं एकही धड नाहीये, आणि लोक हेच वाचून तिकडं जातात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी १०१० च्या आधीचं बघू. चीनची सत्ता साधारण हजार वर्षं होती हे खरंय, पण ती न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनापतीनं ९३८ मध्येच बाख डांग नदीवर मोडली, नदीत टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीला शत्रूची जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटी लागल्यावर त्यांना गाठलं. पुढच्या वर्षी त्यानं को लोआला राजधानी केली, हा आजच्या हनोईच्याच हद्दीतला, त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधीचा किल्ला. मग ९६८ मध्ये दिन्ह बो लिन्ह राजानं राजधानीसाठी होआ लू निवडलं, निन्ह बिन्हमध्ये, जिथं चुनखडीचे उभे डोंगर आणि मधून नद्या आहेत, त्यामुळं तटबंदी बऱ्याच ठिकाणी फक्त दोन डोंगरांमधल्या मोकळ्या जागेतच घालावी लागली. टूरवाले त्रांग आनला बोटीत बसवतात ना, त्याच्या अगदी जवळ. ९८१ मध्ये चीनच्या सोंग घराण्याची स्वारी परतवणारा राजा ले होआन इथूनच राज्य करायचा. ४२ वर्षांची ही राजधानी एका वाक्यात पुसून टाकणं मला तरी पटत नाही.

१०१० चा हुकूम खरा आहे, ली थाय तो राजानं राजधानी होआ लूहून दाय ला इथं हलवली आणि तिला थांग लोंग नाव दिलं, तेच आजचं हनोई. पण त्या हुकमात लिहिलंय काय ते कुणी बघत नाही. त्याची सुरुवातच अशी आहे की प्राचीन चीनमधल्या शांग घराण्याच्या राजांनी पाच वेळा राजधानी हलवली, चौ घराण्याच्या राजांनी तीन वेळा, आणि हे त्यांनी लहर आली म्हणून नाही तर लोकांच्या भल्यासाठी केलं. मग तो म्हणतो की दाय लाची जमीन रुंद, सपाट, उंचावरची आहे, पुराचा त्रास नाही, चारी दिशांचे लोक इथं येतात. म्हणजे ज्या कागदाचा दाखला देऊन 'हनोई कायमची' म्हणतात तो कागदच राजधानी हलवण्याची बाजू मांडतो! होआ लू लपायला आणि लढायला चांगलं होतं, पण वाढत्या राज्याचा व्यापार आणि शेती सांभाळायला नदीकाठचं सपाट मैदानच हवं होतं.

आता 'सलग'चं. १३९७ मध्ये हो क्वी ली या दरबारातल्या बड्या मंत्र्यानं हनोईच्या दक्षिणेला थान्ह होआमध्ये ताय दो हा प्रचंड दगडी किल्ला बांधून दरबार तिकडं नेला, १४०० मध्ये स्वतःच गादीवर बसला, आणि १४०७ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या फौजांनी सगळं संपवलं. पुढची वीस वर्षं थांग लोंग मिंगांच्या ताब्यात, ते शहर ले घराण्याचा संस्थापक ले लोईनं सोडवलं. सोळाव्या शतकात तर दोन दरबार, माक घराणं थांग लोंगमध्ये आणि ले राजे थान्ह होआत, आणि दोघंही म्हणणार खरे राजे आम्हीच.

सगळ्यात मोठी चूक मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराची. १८०२ ते १९४५, म्हणजे १४३ वर्षं, न्गुयेन सम्राटांची राजधानी हुए होती, त्याआधी ताय सन बंडातून गादीवर आलेला क्वांग त्रुंगही तिथूनच राज्य करत होता. पहिला न्गुयेन सम्राट गिया लाँग, त्याच्या घराण्याचा पाया मध्य भागात होता, आणि उत्तर ते दक्षिण पसरलेला लांबट देश सांभाळायला मधलं ठिकाण सोयीचं. त्यानं थांग लोंगचे जुने तट पाडून लहान किल्ला बांधला, आणि १८३१ मध्ये त्याचा मुलगा मिन्ह मांगनं त्या शहराला नुसतं प्रांताचं ठिकाण केलं, हनोई हे नाव तेव्हाचं. शेवटचा सम्राट बाओ दायनं ऑगस्ट १९४५ मध्ये गादी सोडली तीही हुएच्याच दरवाजावर. जे शहर बघायला लोक मुद्दाम जातात त्याला मेसेजमध्ये एक ओळसुद्धा नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

फ्रेंचांचं तर नेमकं उलटं आहे. फ्रेंच इंडोचायनाचा कारभार आधी सायगॉनमधून चालायचा आणि १९०२ मध्ये तो हनोईला आला, सम्राट मात्र तेव्हाही हुएलाच. १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेची राजधानी हनोई, दक्षिणेची सायगॉन, आणि १९७६ मध्ये एकत्र देशाची हनोई, त्यामुळं सायगॉनहून 'परत' काही आलं नाही.

राहिली देवळं. त्यातलं 'मी सन' हे ठिकाण म्हणजे चंपा या वेगळ्या राज्याचं देवस्थान, ते बांधणारे चाम लोक, त्यांची भाषा वेगळी, त्यांचे संस्कृत शिलालेख आहेत, आणि तिथल्या डागडुजीत आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानंही काम केलंय. त्यांची राजधानी विजया १४७१ मध्ये ले थान्ह तोंगनं जिंकून घेतली, आणि त्याच जागी पुढं ताय सन बंडाचा नेता, क्वांग त्रुंगचा भाऊ न्गुयेन न्याकनं १७७८ मध्ये आपली राजधानी केली, तेव्हा कुठं तिथं व्हिएत राजा बसला. चाम लोक दक्षिणेकडच्या फान रांग शहराच्या आसपास आजही राहतात, पो क्लोंग गाराईच्या देवळात त्यांची पूजा चालू आहे, आणि त्यांची राजधानी त्यांना हरवणाऱ्यांच्या नावावर घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.