मामांचे निदान
बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या इमारतीच्या वाहनतळावर नव्याने बसवलेल्या फरशीवर माझ्या गाडीने इंजिन ऑइलचा रुपयाएवढा डाग पाडला, आणि इमारतीच्या चिटणीसांनी त्याच्याभोवती खडूने वर्तुळ काढून आत माझ्या सदनिकेचा क्रमांक व तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी डाग वर्तुळाबाहेर गेला, तेव्हा त्यांनी दुसरे, मोठे वर्तुळ काढले. ज्या गृहस्थांना गच्चीवरची पाण्याची गळती कित्येक पावसाळे दिसली नाही, त्यांची नजर तेलाच्या बाबतीत एवढी तीक्ष्ण कशी, हा प्रश्न मी त्यांना विचारणार आहेच.

उद्यमबागेतील एका गॅरेजवाल्याने आधी ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, मग चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाचे, पॅकिंग बदलले, आणि दोन्हींचे पैसे घेऊनही थेंब पडतच राहिले, तेव्हा गाडीखालून केवळ तोंड बाहेर काढून त्याने निकाल दिला, "मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागतोय." क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला बसणारे हे सील म्हणजे रबराची एक कडी, परंतु तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागत असल्याने वस्तूपेक्षा मजुरीच कितीतरी पट होते. मी नाइलाजाने मान डोलावणार, एवढ्यात मागून आवाज आला, "गिअरबॉक्सला हात लावू नको रे."

आवाज मामांचा होता. ते कोणाचे मामा हे मला अखेरपर्यंत कळले नाही, परंतु गॅरेजवाला, त्याचा पोऱ्या आणि समोरचा चहावाला असे सगळेच त्यांना मामा म्हणत होते. एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ आपल्या जुन्या स्कूटरची क्लच वायर घालून घेण्यासाठी आले होते आणि तिथल्या एकुलत्या एक स्टुलावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून आधी माझे आडनाव, मग मूळ गाव विचारले. खानापूर तालुक्यातले म्हटल्यावर गावाचे नाव, मग वाडा कुठल्या आळीत, मग त्या आळीतल्या आणखी कोणाकोणाला मी ओळखतो, अशी चौकशी सुरू झाली. गाडी जॅकवर, मी उभा आणि मामा बसलेले, अशा अवस्थेत मी माझ्या आजोबांच्या चुलतभावापर्यंत पोचलो.

"मग कौलारू घरात राहिलाय की," मामा म्हणाले. "पावसाचं पाणी ठिबकतंय कुठं आणि कौल फुटलंय कुठं? एका जागी असतंय का?"

नसते, हे मला मान्य करावे लागले. मामांचे म्हणणे असे की तेल नेहमी खाली उतरते, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागेही ढकलले जाते, त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे दोष शोधणारा माणूस जन्मभर पॅकिंगच बदलत राहतो. गॅरेजवाल्याने हे ऐकले नसल्याचे ठरवले. मग मामांनी पोऱ्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि त्याने मुकाट्याने डिझेल व ब्रश घेऊन माझे इंजिन वरून खालपर्यंत धुतले.

ते वाळेपर्यंत मामांनी १९२४ सालच्या बेळगाव काँग्रेसची हकीकत काढली. अध्यक्ष गांधीजी होते, प्रतिनिधींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली, आणि ती अजून आहे, हे बेळगावात सर्वांनाच ठाऊक असते. तरीही त्यांनी ते मला अशा थाटात सांगितले, जणू खोदकामाला ते जातीने हजर होते. दरम्यान चहा आला. पैसे कोण देणार, हे कोणी विचारले नाही.

इंजिन वाळल्यावर मामांनी माझ्याच पैशाने अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणवला, ती सगळ्या जोडांवर भुरभुरवली आणि इंजिन चालू ठेवायला लावले. जळक्या तेलाच्या आणि चंदनाच्या वासाने गॅरेज भरून गेले. काही वेळाने टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, अगदी मागच्या कोपऱ्यातून, पांढऱ्या पावडरीवर एक काळसर ओली रेघ उमटली. ती इंजिनाच्या पाठीवरून सरळ गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरत होती. मागच्या सीलवर संशय यावा, नेमक्या अशाच जागी. कव्हर उघडल्यावर आतले रबरी पॅकिंग उष्णतेने इतके कडक झालेले निघाले की बोटाने वाकवताच त्याचा तुकडा पडला.

नवे पॅकिंग बसले आणि गळती थांबली. बिलात मात्र डिझेलही होते आणि चहाही. आधीच्या वॉशरचे आणि चेंबरच्या पॅकिंगचे काय, असे मी विचारले, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "ते बी नवीनच झालं की ओ, आता पुढं ताप नाही." दोष नसलेला भाग बदलून पैसे घ्यायचे आणि वर तो उपकार म्हणून मोजायचा, ही पद्धत या धंद्यात इतकी रुळली आहे की तक्रार करणाराच चिक्कू ठरतो, निदान चुकलेल्या निदानाची मजुरी तरी वजा करावी, ही माझी मागणी मी इथे लेखी नोंदवून ठेवतो.

मामांच्या क्लच वायरचे गॅरेजवाल्याने काहीच घेतले नाही. "त्यांनी तुमचा गिअरबॉक्स वाचवला, त्यांच्याकडनं कसं घेणार?" असे तो मलाच म्हणाला, आणि मी अवाक होऊन बघत असताना मामांनी पावडरीचा अर्धा उरलेला डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला. "तुमाला कशाला लागतोय आता," ते म्हणाले, "गळती थांबली न्हवं?"