युरियाचा रकाना आणि ‘रिकामटेकडे’: एका डॉक्टरांना उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की सोलापुरातल्या छोट्या हॉस्पिटलांनी नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: ‘इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड’ म्हणजे तुम्ही नेमकं काय देताय, आणि ते कुठल्या मानकात, म्हणजे नोंदी ठेवण्याच्या ठरलेल्या नियमांत, बसतं. त्यावर ‘एक त्रस्त डॉक्टर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिचं सार असं: ओपीडीत शंभर पेशंट बसलेले असताना प्रत्येक तपासणीचा, आजाराचा ठरलेला क्रमांक, म्हणजे कोड, भरायला वेळ कुणाला आहे, मानकांचा खर्च छोट्या दवाखान्याला झेपत नाही, २०१३ च्या मानकांचा दाखला देणाऱ्या लेखकाला ती पुढे बदलली हेही ठाऊक नाही, आणि शेवटी, ‘व्याख्या करत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, आधी एकदा वॉर्डात उभे राहून दाखवा.’

डॉक्टरसाहेब, मानकांच्या सालाबद्दल आपलं बरोबर आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं सप्टेंबर २०१३ मध्ये आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारली गेली. मी पहिलंच साल दिलं, ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण ते शेवटचं वाक्य. ‘मला हे पटत नाही’ असं लिहिता आलं असतं. ‘तुमचा अनुभव काय?’ असं विचारता आलं असतं. आपण सरळ रिकामटेकडा म्हणून मोकळे झालात, तेही टोपणनावाआडून. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काढली. पहाटे साडेपाचला ट्रे घेऊन वॉर्डात फिरलो, शीर सापडत नाही म्हणून नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या, ट्यूबवर नावाची चिठ्ठी लावताना लक्ष्मी ‘एक्स’ने लिहायची की ‘केएसएच’ने, यावरून सिस्टरशी वाद घातले. पूर्व भागातल्या एकाच तेलुगू बाईंची तीन स्पेलिंगांची तीन कार्डं मी स्वतः जुळवली आहेत. वॉर्डात उभं राहणं मला शिकवू नका.

व्याख्येची किंमत मला वॉर्डाने शिकवली नाही, घराने शिकवली. वडिलांची किडनी कमजोर झाली होती. सोलापुरातल्या लॅबचा रिपोर्ट होता ब्लड युरिया ६४. युरिया म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी थकली की आकडा चढतो. महिन्याभराने पुण्यात तपासलं, तिथल्या रिपोर्टवर होतं बीयूएन ३०. दोन्हीकडे एकक तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आपल्याला माहीत असेलच, बीयूएन म्हणजे ब्लड युरिया नायट्रोजन, युरियातला फक्त नायट्रोजन, त्याला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. ३० गुणिले २.१४ म्हणजे ६४. म्हणजे वडिलांच्या रक्तात कणभरही फरक पडलेला नव्हता.

इकडच्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना एकच होता: ‘युरिया’. ऑपरेटरने आधी ६४ भरले, मग ३० भरले. पडद्यावर रेघ खाली उतरली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी भावाला तीच रेघ दाखवली, सुधारणा आहे म्हणाले, आणि महिन्याची तारीख तीन महिन्यांवर नेली. घरी पेढे आले. मी तेव्हा नोकरीनिमित्त लातूरला होतो, फोनवर ‘निम्म्यावर आलंय’ एवढंच ऐकलं आणि मलाही बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात पाय सुजले, धाप लागली, युरिया ११८. ॲडमिट केलं त्या रात्री मी फाइलमधली ती छापील रेघ पाहिली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला समजायला अर्धा मिनिटही लागला नाही. यंत्राला मात्र ते कधीच समजलं नसतं, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

हे सांगण्याची सोय जगात नाही असं नाही. लॉइंक या लॅब तपासण्यांच्या जागतिक क्रमांक-यादीत रक्तातल्या युरियाला ३०९१-६ आणि युरिया नायट्रोजनला ३०९४-० असे वेगळे क्रमांक आहेत. रिपोर्टसोबत तो क्रमांक गेला असता तर दोन आकडे एका रेघेवर बसलेच नसते. कुणीतरी कधीतरी ‘युरिया म्हणजे नेमकं काय’ यावर डोकं लावत बसलं, म्हणून तो क्रमांक आहे. आपल्या भाषेत, रिकामटेकडे.

वडील पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. त्यांना हे समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. सूत मागवताना ‘दोन वीस’, म्हणजे २० काउंटचे दोन पदर, म्हटलं की गाठोडं कोइमतूरहून येवो की इचलकरंजीहून, आत तेच निघतं, कारण एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लड्या बसतात ते २० काउंट, हे कधीच ठरून गेलंय. ज्या गावात सुताची जाडीसुद्धा अशी बांधलेली आहे, त्या गावात माणसाच्या रक्ताचा आकडा मात्र ज्याने त्याने आपल्या मनाने लिहायचा?

आणि शब्दांचा गोंधळ फक्त लॅबपुरता नाही. २००५ मध्ये संशोधकांनी ‘ई-हेल्थ’च्या, म्हणजे संगणक-इंटरनेटच्या मदतीने चालणाऱ्या आरोग्यसेवेच्या, छापील व्याख्या गोळा केल्या तेव्हा त्या ५१ भरल्या. एका दवाखान्यापुरती ठेवलेली नोंद वेगळी आणि पेशंटबरोबर दुसऱ्या गावी जाऊन तिथे वाचता येणारी नोंद वेगळी. विक्रेता पहिली देतो आणि दुसरीचं नाव लावतो. स्कॅन केलेला कागदही ‘डिजिटल रेकॉर्ड’ म्हणून खपतो. २०२१ पासून आरोग्याच्या नोंदी देशभर जोडणारं केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, पेशंटकडे त्यातला १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य-ओळखक्रमांक, आहे. पण त्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदीत ‘युरिया’ म्हणजे काय हे निश्चित नसेल, तर वडिलांचीच गोष्ट आता सोलापूरहून थेट दिल्लीपर्यंत जाईल.

राहिला खर्च आणि वेळ. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार-उपचारांच्या शब्दांची क्रमांक दिलेली जागतिक यादी, भारतात मोफत आहे, २०१४ पासून, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. लॉइंकलाही पैसे पडत नाहीत. आणि कोड डॉक्टरने हाताने भरायचा नसतोच, तो सॉफ्टवेअरने आतल्या आत लावायचा असतो. यापलीकडे त्या दोन मुद्द्यांत मला शिरायचं नाही.

आज ओपीडी संपल्यावर आपल्या कॉम्प्युटरवर एखाद्या जुन्या किडनी पेशंटचा युरियाचा रकाना उघडा. त्यातले आकडे कुठल्या कुठल्या लॅबमधून आलेत ते मूळ कागद काढून बघा. कुठे बीयूएन आणि युरिया एका ओळीत बसलेले दिसले, तर त्या पेशंटला आजच फोन करा. मला नंतर लिहिलंत तरी चालेल, फक्त त्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.