सुएझ, द गॉल आणि ‘फुकटे’ युरोपीय

नमस्कार. नाटोवरच्या (अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीवरच्या) माझ्या लेखाबद्दल एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही दोन ओळींत उरकणं बरं नव्हे.

आधी माझी चूक. ‘१९६६ साली फ्रान्स नाटोतून बाहेर पडला’ हे माझं वाक्य तुम्ही बरोबर पकडलंत. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी कमांडमधून अंग काढून घेतलं, परदेशी सैन्याला देशाबाहेर जायला सांगितलं. करारात मात्र फ्रान्स कायम राहिला. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचा मुख्य आक्षेप: ‘अमेरिका-युरोपची भांडणं जुनीच आहेत, तुम्ही उगाच घबराट पसरवता.’ तुम्ही दिलेलं सुएझचंच उदाहरण घेऊ. १९५६मध्ये ब्रिटन-फ्रान्स सुएझ कालव्यासाठी इजिप्तमध्ये घुसले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ब्रिटनची नाडी बरोब्बर दाबली. पौंड गडगडत होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज हवं होतं आणि सैन्य मागे घेतल्याशिवाय अमेरिका त्याला हो म्हणेना. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांची खुर्ची गेली. एवढी नाचक्की होऊनही १९५८मध्ये अमेरिका आणि ब्रिटन याच दोन देशांनी अण्वस्त्र-सहकार्याचा करार केला! भांडण कालव्याचं होतं. ‘उद्या रशिया चालून आला तर आम्ही येणार नाही’ असं आयझेनहॉवर म्हणाले नव्हते.

जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांना पत्रकारांनी विचारलं, ग्रीनलंड मिळवण्यासाठी लष्करी किंवा आर्थिक बळ वापरणार नाही, अशी खात्री देता का? त्यांनी दिली नाही. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग, डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य आणि १९५१च्या करारानुसार अमेरिकेचा तळ तिथे आहेच. राखणीला ठेवलेल्यानेच सातबाऱ्यावर नाव चढवायची भाषा करावी, तसं हे. सुएझशी याची तुलना होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

संरक्षणाचा खर्च अमेरिकेवर ढकलणाऱ्या युरोपीय देशांना तुम्ही ‘फुकटे’ म्हणालात; तो शब्द मला अर्धा मान्य. २०१४मध्ये नाटोच्या वेल्स परिषदेत जीडीपीच्या दोन टक्के संरक्षणखर्चाचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हा ते गाठलेले देश जेमतेम तीन, त्यांतली एक खुद्द अमेरिका. २०२५मध्ये हेगच्या परिषदेत पाच टक्क्यांचा आकडा ठरला, तोही २०३५पर्यंत. आणि त्यातला दीड टक्का रस्ते-पूल वगैरेंवरही दाखवता येतो. (ही मेख तुमच्या नजरेतून कशी सुटली?)

पण नाटो कराराचं कलम ५ (एका सदस्यावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) आजवर एकदाच लागू झालं, ते ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर, अमेरिकेसाठी. नाटोची सात अवॅक्स टेहळणी विमानं अटलांटिक ओलांडून गेली आणि मे २००२पर्यंत अमेरिकेच्या आकाशावर पहारा देत राहिली. १३ देशांचे ८३० लोक त्या कामावर होते. पुढे अफगाणिस्तानात डेन्मार्कचे चाळीसहून जास्त सैनिक मारले गेले. देशाची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहून कमी.

त्या डेन्मार्कला तुम्ही फुकट्यांच्या यादीत बसवलंत, ते पटलं नाही. जर्मनीच्या २०१४च्या सुमाराच्या संरक्षण-बजेटबद्दल मात्र खुशाल बोला, मी मध्ये पडणार नाही.